एकशे बारा किलोंचा जावई

"दोन मिनिटं झाली," आचारी ओरडला आणि पुन्हा हातातल्या घड्याळाकडे बघू लागला. बोटीच्या कठड्याशी चौघे घामाघूम झाले होते. कप्तान, इंजिनवाला आणि दोन खलाशी. कप्पीवरून गेलेला दोर ते जीव खाऊन ओढत होते आणि दोराच्या टोकाला, समुद्रात, जावई आरामात हेलकावे खात होता.

जावई म्हणजे पुतळा. जुन्या रबरी कपड्यांत वाळू आणि फाटक्या जाळ्यांचे तुकडे भरून कप्तानाने तो स्वतःच्या हाताने शिवला होता. वर तरंगायचं नारिंगी जॅकेट चढवलं होतं. काम काडीचं नाही आणि सरबराई मात्र सगळ्यांनी करायची, म्हणून खलाशांनी त्याला जावई करून टाकलं. मालकाच्या कचेरीतून आलेल्या सुरक्षेच्या वहीत महिन्यातून एकदा सराव करा, असं लिहिलं होतं. इतर बोटींवर तो सराव धक्क्याला लागल्यावर, चहा पिता पिता, कागदावरच उरकला जायचा. हा कप्तान मात्र प्रत्येक फेरीला जावयाला पाण्यात ढकलायचा, 'माणूस पाण्यात' अशी हाक द्यायचा आणि वर काढेपर्यंत कुणाला उसंत द्यायचा नाही.

आचाऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. बोटीवर सगळ्यांत ताकदवान तोच. बर्फाने भरलेलं पिंप तो एकटा उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. पण सरावाच्या वेळी कप्तान त्याच्या हातात घड्याळ द्यायचा. तू वेळ मोज, दोराला हात लावायचा नाही. तीन वर्षं हेच चाललं होतं. घरी मुलीने एकदा विचारलं, बाबा, सगळे ओढतात तेव्हा तुम्ही काय करता?

त्यात जावई दरवर्षी आणखी जड होत होता. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची तपासणी वगैरे आटोपली की कप्तान सुईदोरा घेऊन बसायचा आणि त्याच्या पोटात आणखी वाळू भरायचा. जावईही मामांच्याच हातचं जेवतो वाटतं, असं खलाशी म्हणायचे. आचाऱ्याला ते मामा म्हणत. मामांना हसू यायचं नाही.

शेवटी एकदा तो कप्तानाला तोंडावर बोललाच, माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांगा. कप्तान म्हणाला, घड्याळ बघ. त्या दिवशी आचाऱ्याने रागाने भाजीत मीठच टाकलं नाही. कप्तानाने ती मुकाट्याने खाल्ली, वर आणखी मागून घेतली.

पुढच्याच फेरीत, भर दुपारी, आचारी खरकटं पाणी टाकायला मागच्या कठड्याशी गेला. कठड्याशी जाणाऱ्याने जॅकेट घालायचं हा कप्तानाचा नियम. शिव्या देत का होईना, त्याने ते घातलं होतं. नुकतीच मासळी ओढलेली, फळ्यांवर बुळबुळीत झालेलं. पाय सटकला, बोट कलली आणि भांड्यासकट तो समुद्रात पडला.

पाणी इतकं गार होतं की त्याला श्वासच घेता येईना. बोट पुढे निघून चालली होती. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तो मनातून पार खचला. एवढ्यात हाक ऐकू आली, "माणूस पाण्यात!" आणि निव्वळ सवयीने त्याच्या तोंडून आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. साठला बोट वळते हे त्याला ठाऊक होतं. ती वळली. शंभराच्या आसपास तरंगतं कडं येतं. ते आलं. दीडशेला त्याच्या काखेखाली पट्टा होता.

मग कप्पी करकरली आणि त्याला एकच भीती वाटली. आपण फार जड आहोत आणि दोरावर आपण नाही. पण दोर थांबला नाही. वर चौघे एका सुरात ओढत होते, कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. दोनशे दहाला त्याची पाठ फळ्यांना टेकली.

खलाशांनी त्याला कोरडे कपडे दिले. इंजिनवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. तो अगदीच पाणचट होता. आचाऱ्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला आणि तिघांचे हात एकेक करून धरले. त्याला रडू आवरत नव्हतं आणि त्याने ते आवरलंही नाही.

मग तो कप्तानाच्या खोलीत गेला. कप्तान सुरक्षेच्या वहीत झाला प्रकार लिहीत होता. किती वेळ लागला, असं त्याने विचारलं. साडेतीन मिनिटं, आचारी म्हणाला. कप्तानाने ते तसंच लिहून घेतलं.

आचाऱ्याने हात जोडले. तुमच्यामुळे आज पोरीला बाप दिसेल, असं काहीसं तो पुटपुटला. पण तीन वर्षं मनात रुतलेलं विचारल्यावाचून त्याला राहवेना.

"एक विचारू? एवढी ताकद आहे माझ्यात. मला एकदाही दोरावर का नाही घेतलंत?"

कप्तानाने मागची पानं उलटली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. जावयाचं वजन तिथे वर्षावार लिहिलेलं होतं. एकशे चार. एकशे सात. एकशे बारा. आचाऱ्याला ते आकडे पाठ होते. दर हंगामाला तपासणीचे डॉक्टर तेच आकडे वाचून त्याची खरडपट्टी काढायचे.

"तू दोरावर कसा असशील?" कप्तान म्हणाला. "तीन वर्षं आम्ही तुलाच वर काढत होतो."