दरीचं चित्र

सुरीच्या पात्याने तिने आकाश पुन्हा खरवडून काढलं. राखाडी रंगाचा पुन्हा चिखल झाला होता.

स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन चित्रं टेकवलेली होती. एक वडिलांनी तरुणपणी तैलरंगात काढलेलं. खोल दरी, तळाशी नदी, काठाने झाडं आणि वर भरून आलेलं आभाळ. ते एरवी आईच्या पलंगासमोर असायचं. आई अंथरुणाला खिळल्यापासून दिवसभर त्याच्याकडेच बघत पडलेली असे. दुपारी तिचा डोळा लागला की लेक ते हळूच उतरवून आणायची आणि जाग यायच्या आत परत टांगायची. दुसरं चित्र लेकीचं होतं.

थोरला भाऊ कायमचा दूर देशी राहायला चालला होता. वडिलांनी जाण्यापूर्वी आपलं चित्र त्यालाच दिलं होतं, त्यामुळे नेऊ नकोस म्हणायला तिची जीभ रेटेना. आईला सांगायचं कोणी, म्हटल्यावर दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. मग तसंच दुसरं काढून त्याच्या जागी टांगायचं, हा तोडगा तिनेच काढला.

तिने जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. दातांत भरायचं सिमेंट काचेवर कालवायची हाताला सवय, एवढंच काय ते भांडवल. शेजारी राहणाऱ्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी तिला शिकवलं. आधी लांबचं रंगवायचं, मग जवळचं. आधी पातळ थर, मग तेलकट. डोंगर जमले, नदी जमली. झाडांनी रडवलं, पण तीही आली. आकाश मात्र शेवटपर्यंत दाद देईना.

भाऊ निघायच्या दिवशी दोन्ही चित्रांसमोर बराच वेळ उभा राहिला.

"मी तुझंच नेऊ का?" त्याने विचारलं.

"नको, दादा. बाबांनी तुला ते दिलंय. आणि माझं अजून वाळलेलं नाही, वाटेत पुसलं जाईल."

त्याने वडिलांचं चित्र चादरीत गुंडाळलं आणि बाहेर दाराशी नेऊन ठेवलं. तिने आपलं भिंतीवर टांगलं. आई जागी झाल्यावर तो तिच्या पाया पडला. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला, वेळेवर जेवत जा म्हणाली. तो गेला.

मग आईने मान वळवून समोर पाहिलं. लेक उगाचच धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"यांची झाडं जन्मभर कोबीच्या गड्ड्यांसारखी आली," आई म्हणाली. "तुझी बरी आहेत."

लेकीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

घरात टर्पेंटाइनचा वास सुटला त्या दिवशीच कळलं होतं, असं आईने सांगितलं. त्या वासात संसार झाला होता तिचा. दादाला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प बसली होती. आणि दुपारी तिला झोप लागतच नव्हती.

लेक खाली मान घालून पलंगाच्या कडेवर बसली. आई अजून भिंतीकडेच बघत होती.

"आकाश तेवढं फसलंय. उतरव ते, ओलं आहे तोवर. आणि आता इथे बसून काढ, माझ्यासमोर."