बारा किलोंचं श्रेय

हेमलतानं दुसऱ्या पोळीला हात लावला, तसे तिचे यजमान उपेंद्र तुच्छतेनं हसले. "मी बारा किलो उतरवले. मनावर ताबा लागतो त्याला. तुला या जन्मी जमायचं नाही." तिनं हात मागे घेतला.

उपेंद्रांचे हात कापू लागले, तेव्हा तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्ताचा रिपोर्ट वाचला. "थायरॉईडची ग्रंथी जास्त हार्मोन सोडतेय. वजन त्यामुळंच उतरलं. हृदयावरही ताण आलाय. गोळ्या सुरू करू."

"म्हणजे वजन पुन्हा वाढणार?"

"थोडं वाढेल."

"मग नकोत गोळ्या," उपेंद्र म्हणाले.

हेमलतानं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कधी द्यायच्या ते मला सांगा, डॉक्टर. यांना काही विचारू नका. यांचं ऐकून मी वर्षभर अर्धपोटी उठतेय."