यादीतलं पाचवं ठिकाण

"काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

गंगाराम बाजूला झाला. बुरोंडीच्या शाळेची पायरी मोकळी झाली आणि पुण्याहून आलेली ईशा तिच्यावर बसली. तिच्याबरोबरच्या विनीतने मोबाइल उभा धरला. याच पायरीवर बसून गायिका योगिनी पाढे चालीत म्हणायची, असं यादीत लिहिलं होतं. यादी कुणा चाहत्याने केली होती आणि मोबाइलवर फिरत होती. पाच ठिकाणं, नकाशासकट. वाट दाखवायला कुणी लागत नव्हतं, आपलं आपण फिरायचं.

गंगारामच्या मोबाइलवरही तीच यादी होती. फरक इतकाच, की योगिनी त्याची लेक होती.

उद्या संध्याकाळी देवळासमोर तिचा सत्कार. मंडळाचा नितेश सकाळीच सांगून गेला होता, "गंगारामकाका, तुमी दोन शब्द बोलायचे. ल्हानपनची योगिनी. लोकांना तेच आवडतं." गंगाराम हो म्हणाला आणि मग ओटीवर नुसता बसून राहिला. लहानपणची योगिनी त्याला ठाऊकच नव्हती. सव्वीस वर्षं तो बोटीवर होता. इंजिनाच्या धगीत जागायचं, इंजिनाच्या आवाजात झोपायचं. वर्षातून महिनाभर घरी यायचा, तो पाहुण्यासारखा. पोर दाराआडून बघायची. तिला ओळख पटेपर्यंत त्याची बॅग भरायची वेळ व्हायची. जे काही ठाऊक होतं ते बायकोला, कमळाला, आणि कमळाला जाऊन चार वर्षं झाली. योगिनीलाच विचारावं, तर कोणत्या तोंडाने?

म्हणून तो यादी घेऊन निघाला होता. आपल्याच लेकीचं बाळपण शोधायला, गुडघा धरत, परक्यासारखा.

दुसरं ठिकाण विहीर. चिऱ्यांनी बांधलेली, खोल. योगिनी काठावर ओणवी होऊन गायची आणि विहीर तिला तिचाच आवाज परत द्यायची. विनीतने आत तोंड घालून "ओ" दिली. विहिरीने त्यालाही ओ दिली. गंगाराम दगडावर टेकला आणि पाणी प्यायला.

तिसरं ठिकाण बंदर. मासळी निवडणाऱ्या बायकांमध्ये बसून ती त्यांची गाणी उचलायची. चौथं, देवळामागचं रातांब्याचं झाड. जाखडीचा नाच बघायला ती त्यावर चढली, गाणं पाठ करता करता पडली आणि भुवईवर खोक पडली. यादीत त्या व्रणाचा फोटोही होता. गंगाराम त्या फोटोकडे बघत उभा राहिला. तो व्रण जन्माचाच आहे, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

ऊन उतरत नव्हतं. पायात आता जीव नव्हता. चालता चालता त्याला पूर्वीचा एक फोन आठवला. बोटीवरची पाळी संपवून, कुठल्याशा बंदरात भिंतीला टेकून त्याने विचारलं होतं, "चौथीत ना गो तू?" "पाचवीत, बाबा." पलीकडून एवढंच आलं होतं, हळूच. त्यानंतर त्याने असलं काही विचारलंच नाही. फोन लावला की कशीतरी वेळ मारून न्यायची, बस.

पाचवं ठिकाण तुळसाचं दुकान. गोळ्यांच्या बरण्यांमागे फळीवर एक लाल फोन होता, तार तुटलेला. ईशा आणि विनीत आधीच पोचले होते. गंगाराम त्यांच्यामागे, दाराशी उभा राहिला.

"ह्याच्यावर ती गायची?" ईशाने विचारलं.

"मग!" तुळसा म्हणाली. "म्हयन्याच्या पयल्या रविवारी बापाचा फोन यायचा. मी हाक मारली का पोर धावत यायची. बाप तिचा कदी अभ्यास इचारायचा नाय का मार्क इचारायचा नाय. म्हनायचा, एकादं गानं म्हन गो, बाय. दर खेपेला हिचं नवीन गानं. म्हयनाभर त्याच्यासाठी गाव पालथं घालायची. बंदरावर शिकायची, नाचवाल्यांचं उचलायची, हिरीवर घोकायची. म्या म्हनलं, कशाला गो एवढं? तर म्हनते, काकू, बाबा येवढ्या लांबनं मागतात, त्यांना तेच तेच कसं ऐकवू?"

"ग्रेट ना!" ईशा म्हणाली. "तिच्यात काय आहे ते बाबांनी किती आधी ओळखलं!"

गंगारामने दाराची चौकट धरली. त्याने काहीच ओळखलं नव्हतं. पुन्हा इयत्ता चुकू नये म्हणून तो गाणं मागायचा. ती गात राहिली की त्याला काही विचारावं लागत नसे.

"आनि ह्यो काय बाप!" तुळसाची नजर दाराकडे गेली. "मेल्या, माझ्याच दुकानात चोरावानी काय उभा?"

दोघं गर्रकन वळली. विनीतचा चेहरा उतरला. "काका, सॉरी. शाळेत आम्ही तुम्हालाच बाजूला..."

"ऱ्हावदे रे. माझी सवयच ती, फोटोत नसायची."

तुळसाने स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. फळीवरचा रिसीव्हर त्याने उचलला, कानाला लावला, पुन्हा जागेवर ठेवला.

"उद्या भाषन हाय म्हनं तुझं," तुळसा म्हणाली. "काय बोलनार हायस?"

"मी काय बोलनार?" गंगाराम म्हणाला. "माईक घेईन नि म्हनेन, एकादं गानं म्हन गो, बाय."