निम्मी नापास

वजनकाटा येवो की प्रेशर गेज, कॅलिब्रेशन लॅबचे मालक यंत्राला हातही न लावता 'अचूक' असं सर्टिफिकेट देऊन मोकळे व्हायचे. पण लॅबची मान्यता वाढवून देण्याआधी तपासनीस मुद्दाम बिघडवलेलं यंत्र घेऊन खोटं गिऱ्हाईक पाठवतात, अशी कुणकुण लागली आणि त्यांच्या मानगुटीवर संशयाचं भूत बसलं.

"तो चष्मेवाला बघ, सारखा इकडेतिकडे बघतोय. तपासनिसाचाच माणूस!" ते मेहुण्याच्या कानाशी पुटपुटले.

"दाजी, तो आपला नेहमीचा बॉयलरवाला."

"मग तोच फितला असेल! आजपासून एकूण एक यंत्र खरंखुरं तपासायचं."

महिनाभर मेहुण्याने घाम गाळला. निम्मी यंत्रं नापास झाली, गिऱ्हाइकं भांडून गेली, पण मालकांचा जीव भांड्यात पडला. तपासणीच्या दिवशी त्यांनी त्या महिन्याची फाईल ऐटीत पुढे सरकवली. तपासनिसांनी ती चाळली, मग मागच्या पाच वर्षांच्या फायली मागवून त्याही चाळल्या.

"पाच वर्षांत एकही यंत्र नापास नाही," ते चष्मा पुसत म्हणाले.

"मग," तपासनिसांनीच पुढे विचारलं, "गेल्याच महिन्यात गावभरच्या यंत्रांना ही कसली साथ आली हो?"