तंबाखूच्या गोदामाची लाइन

"परत पाय उचललास, आई. खाली बघ ना, साधं डांबर आहे."

"तू बघ. मला बघायची गरज नाही," त्सोन्का म्हणाली आणि पुढच्याच पावलाला पुन्हा गुडघा वर केला, उंबरा ओलांडावा तसा.

बल्गेरियातल्या प्लॉवडिव्ह स्टेशनच्या मागचं पार्किंग. एक जण गाडी पुसता पुसता हसला. रुमेनने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत पुसायला लागला. डॉक्टर म्हणाले होते, असल्या गोष्टींवर लक्ष ठेवा, डोकं हळूहळूच जातं. म्हणून तर तो आज आईला वृद्धाश्रम दाखवायला निघालेला. ती घरापासून भांडत होती. आणि पाय का उचलतेस, तर इथून तंबाखूच्या गोदामाकडे रेल्वेची लाइन जायची म्हणे. ओला रूळ घसरवतो, म्हणून त्यावर पाय ठेवायचा नसतो. ती स्टेशनात सांधेवाली होती, गाड्यांचे रूळ बदलायची, हे रुमेनला माहीत होतं. पण इथे लाइन? त्याच्या जन्मापासून इथे गाड्याच लावतात.

कडेला पाइपासाठी चर खणला होता. रुमेन उडी मारायला गेला आणि थांबला. डांबराखालून गंजक्या रुळाचं कापलेलं टोक बाहेर आलेलं. थोडं पलीकडे दुसरं. त्याने मागे वळून बघितलं. आईने जिथे जिथे पाय उचलला, बरोबर त्याच रेषेत.

 त्याने हळूच विचारलं, पुढे कुठे जायची?

आता ती पुढे, तो मागे. रस्त्यापलीकडे गोदामाचा कोपरा कमरेपासून वर तासलेला, वळताना डबा घासू नये म्हणून. रुमेन रोज तिथेच टॅक्सी लावतो. त्याला कधी दिसलं नव्हतं. पुढे एक रुंद दार, विटांनी बुजवलेलं. त्सोन्काने विटांवर हात ठेवला.

"वळण एवढं अवघड की बाकीचे ड्युटी बदलून घ्यायचे. मी एकही डबा रुळावरून पाडला नाही."

रुमेन तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं हिच्या हातचं सूप प्यायला, आणि हे माहीतच नाही. आत कुठपर्यंत जायची, त्याने विचारलं. अजून सांग म्हणाला.

त्सोन्काने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

"उद्या. तू जाऊन ये वृद्धाश्रमात. आवडला तर तुझं नाव घाल. मला आता निघायला हवं, पत्ते खेळायला तिघी खोळंबल्यात."