बंद खिडक्यांची तालीम

दारावर थाप पडली तशी ढोलकी गप्प झाली. काशीराम बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. भरदुपारी पोलिसांची धाड पडावी तसे आतले सगळे श्वास रोखून बसले.

“कोन हाय?” ढोलकीवाल्या रघूने विचारलं.

“मी नम्रता. आरोग्य केंद्राची आशाताई. बुवांकडे काम आहे.”

आत नजरानजर झाली. नम्रता याच वाडीची सून खरी, पण माहेर खालच्या वाडीचं. आणि जाखडीचा, म्हणजे सवाल-जवाबाच्या नाचगाण्याचा, सामना ठरला होता तो नेमका खालच्या वाडीशी. गेल्या साली बुवांचा सवाल कुणीतरी आधीच फोडला होता. समोरच्या शाहिराने उभ्या उभ्या उत्तर दिलं आणि भर मांडवात बुवांचं नाक कापलं गेलं. तेव्हापासून वाडीच्या सभागृहात तालीम अशी चाले: दाराला आतून कडी, खिडक्या बंद, फटींत गोणपाट. गाणं कागदावर उतरवायचं नाही. बुवांनी एकेकाला समोर घ्यायचं, तोंडाजवळ तोंड नेऊन बारीक आवाजात ओळ द्यायची, आणि त्याने ती तशीच परत करायची. सगळे घामाने निथळत, पण चकार शब्द काढत नसत. वाडीच्या इज्जतीचा प्रश्न होता ना!

“जरा लांब जा गो, फनसाखाली उभी रव. हाक मारतो,” बुवा ओरडले आणि लगेच त्यांना खोकल्याची उबळ आली.

ही उबळ पावसाळ्याआधीपासूनची. गळा तापलाय, असं बुवा म्हणत आणि ज्येष्ठमधाची काडी गालात धरत. गाणाऱ्या माणसाचा खोकला कोण मनावर घेतो? परवा नम्रताने अगदी पिच्छाच पुरवला, तेव्हा तिची कटकट मिटावी म्हणून त्यांनी तपासणीसाठी डबीत बेडका थुंकून दिला होता. नंतर ते विसरूनही गेले.

नम्रता फणसाखाली गेल्याची खात्री झाल्यावर बुवांनी नातीला समोर घेतलं. सानवी पहिलीतली, पण कोरसात सर्वांच्या पुढे. बुवांनी ओळ दिली. तिने कानाशी हात नेला आणि ओळ परत केली, हुबेहूब त्यांच्याच ढंगात. शेवटचा सूर सोडला की बुवा छातीवर हात ठेवून खोकत. तीही छातीवर हात ठेवून खोकली. सगळे पोट धरून हसले. बरेच दिवस असेच हसत होते.

“बुवांचा सगला उचललान पोरीन,” रघू म्हणाला. “खोकला पन सोडलान नाय!”

मग कुठे दार उघडलं. नम्रताच्या तोंडाला मास्क होता. आतली कोंदट हवा अंगावर आली तशी ती उंबऱ्यावरून मागे सरली.

“बुवा, जरा बाहेर या. तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय.”

“एकट्याशी काय? हितं कोन परका नाय. खालच्या वाडीचा निरोप आनलास काय?”

पुन्हा हशा झाला. ती हसली नाही. तेव्हा बुवा कुरकुरत दाराशी गेले. ती अगदी हळू बोलली, पण आत बसलेले सगळे कान कुजबुज टिपायला शिकलेले होते.

“टीबी आहे बुवा. बेडक्यात जंतू सापडले.”

“मला?” बुवा म्हणाले. “अगो, मी सामना गानार हाय.”

“बरा होतो तो. घाबरू नका, गोळ्या आजच चालू करू. पण आधी त्या खिडक्या उघडा बघू. तुम्ही खोकलात, गायलात, की जंतू हवेत जातात. वारा असला तर पांगतात. अशा कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि जो बसेल त्याच्या छातीत शिरतात.”

बुवांनी वळून मागे पाहिलं. त्यांनी चौकट धरली.

“एक शबुद भायेर जाऊ दिला नाय मी,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले, त्यांनाच ठाऊक. “एक शबुद नाय.”

रघू उठला. त्याने फटीतलं गोणपाट उपसलं, खिडकी ढकलून उघडली. उन्हाचा पट्टा आत आला आणि त्यात धूळ तरंगताना दिसली. नुसती धूळ. तरी सगळे तिच्याकडे डोळे फाडून बघत राहिले. एकाने खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला.

“सगळ्यांना तपासून घेऊ,” नम्रता म्हणाली. “बुवांच्या सगळ्यात जवळ कोण बसतं?”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

सगळे आपल्याकडे बघतायत म्हणजे आपलीच पाळी, असं सानवीला वाटलं. ती उभी राहिली, कानाशी हात नेला आणि सवालाचं कडवं खणखणीत आवाजात म्हणायला लागली. खिडकी सताड उघडी होती. आवाज पार खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. तिला कुणी थांबवलं नाही. तिने शेवटचा सूर सोडला, छातीवर हात ठेवला आणि खोकली.

या खेपेला कुणी हसलं नाही.

नम्रताने तिला दाराशी बोलावलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. “सानवी, आजाची नक्कल करतेस ना गो तू?”

सानवीने आजाकडे पाहिलं. मग रघूकाकाकडे पाहिलं.

“गान्याची करते,” ती म्हणाली. “खोकला आपसूक येतो.”