पायथ्याची शिंपली

टोपली वर आली आणि नुरुद्दीनच्या हातून दोर सुटता सुटता राहिला. मातीत शिंपल्या होत्या.

"काय रे, थांबलास का?" म्हणत जहुरा पुढं आली. तिनंही टोपलीत पाहिलं आणि टोपलीशेजारीच बसली.

दिवेआगरच्या किनाऱ्यालगत तिची सुपारीची वाडी. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात वाडीतली विहीर खारी झाली, झाडं पिवळी पडू लागली. सुपारीला खारं पाणी सोसत नाही. म्हणून तर ती दर्याकडे पाठ फिरवून इथं, डोंगराच्या पायथ्याशी, नवी विहीर खणत होती. पाणी लागलं की पाटानं खाली वाडीत न्यायचं. आणि मेला दर्या इथं आधीच येऊन बसलेला!

"आखा थर शिंपल्यांचा हाय, जहुराबाय!" काळूराम खड्ड्यातून ओरडला. विहिरी खणण्यात त्याचा जन्म गेला होता, पण डोंगराखाली शिंपल्या त्यानंही पाहिल्या नव्हत्या. "पानी खारंच लागनार. मी येतो वर."

"थांब, थांब!" नुरुद्दीन म्हणाला. जहुराचा हा धाकटा भाऊ. दगडमाती तपासत हिंडणाऱ्या एका साहेबाचा बावर्ची म्हणून वर्षभर काश्मिरात राहून आला होता, आणि आल्यापासून त्याच्या तोंडी बर्फाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती.

"आपा, तिकडं पण असंच! दरडीत खाली बर्फानं ढकलत आणलेले धोंडे, वर चिकणमाती, त्यावर परत धोंडे. आणि त्या चिकणमातीत काय असेल? शिंगाडे! दगड झालेले. जिथं आज कपातला चहा गोठतो, तिथं!"

"शिंगाडे? डोंगरावर?" जहुरानं मान वर केली. "कुणी नेले?"

"कुणी नाय. तेव्हा तिथं ऊब होती, तळं होतं. थंडी आली की दर्याचं पाणी बर्फ होऊन डोंगरावर बसतं, दर्या मागं हटतो. ऊब आली की बर्फ वितळतो, दर्या परत फुगतो. असं कितीदा झालंय म्हणे! तसाच फुगून इथवर आला असेल."

"बर्फ डोक्यात गेलाय याच्या," खालून काळूराम.

जहुरानं तिकडं लक्षच दिलं नाही. "आला, मग गेलाही. म्हणजे खाली गोडं पाणी असेल?"

नुरुद्दीन गडबडला. "ते साहेबानं नाय सांगितलं."

"कामाचं तेवढं नेमकं नाय सांगितलं!"

तिनं टोपलीतली एक शिंपली उचलली, ओढणीला पुसली आणि जिभेला लावली.

"तौबा, आपा!"

डोळे मिटून तिनं चव घेतली. मग दुसरी शिंपली चाटली. "खारट नाय. नुसती माती लागते. पावसानं धुऊन काढलंय सगळं मीठ. काळूराम, खण!"

"आन् खारं लागलं तर?"

"तर मी रडेन आणि तू घरी जा. खण!"

उन्हं कलली तेव्हा शिंपल्यांच्या थराखाली ओली वाळू लागली. खळगा हळूहळू भरला. काळूरामानं ओंजळ भरून तोंडाला लावली. वर काठावर दोघं भावंडं श्वास धरून उभी. त्यानं तोंड पुसलं. खाली वाकला आणि दुसरी ओंजळ प्यायला.

"अरे मेल्या, सांग तरी!"

"गोडं हाय, बाय," काळूराम म्हणाला आणि तिसरी ओंजळ भरू लागला.

जहुरा हसली, रडली, दोन्ही एकदमच. वर आलेला हंडा तोंडाला लावून ती पोटभर प्यायली. खाली झाडांपलीकडे भरतीचा दर्या चमकत होता.

"नुरू," तिनं तोंड पुसत विचारलं, "आता कुठले दिवस चाललेत रे? थंडीचे की उबेचे?"

"उबेचे. पण डोंगरावर अजून पुष्कळ बर्फ शिल्लक हाय."

"म्हणजे हा दर्या अजून वर यायचा."

"यायचा कधीतरी. पण आपा, त्याला हजारो वर्षं..."

जहुरानं हंडा त्याच्या हातात कोंबला.

"मग उभा काय राहिलास? भर लवकर."